दोन ठोके

मिस्त्रींचं डोकं डॅशबोर्डखाली आणि पाय सीटच्या पाठीवरून बाहेर, अशा अवस्थेत वहिनींनी विचारलं, "भाऊजी, चहा तिथेच देऊ की माणसांत येताय?"

"ठेवा बॉनेटवर. एकच स्क्रू राहिलाय."

तो एक स्क्रू गेला अर्धा तास राहिला होता. दोन दारांची, जमिनीला टेकलेली ही जुनी स्पोर्ट्स कार ज्याने बनवली त्याने आधी हीटरचा ब्लोअर ठेवला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली, असं मिस्त्रींचं ठाम मत होतं. साठीच्या माणसाने उलटं लोंबकळून स्क्रू काढायचा म्हणजे सर्कसच. त्यातून गाडी दादाची. गेली अकरा वर्षं ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. चेपलेलं नाक मिस्त्रींनी तेव्हाच सरळ केलं, पण आतल्या कशाला हात लावला नाही. आता पुतणीला थंड गावात नोकरी लागली होती आणि तिला बाबांचीच गाडी हवी होती. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागले, हीटर मात्र ढिम्म.

"तिकडे त्याच्याशिवाय चालायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "काच आतून पांढरी होते म्हणे."

मिस्त्रींनी नुसतं हं केलं. त्यांच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ब्लोअरचा पंखा फिरवणाऱ्या मोटरमधले कार्बनचे तुकडे झिजले होते. मोटर मध्येच अडायची. नवी मोटर मिस्त्रींनी आणून कपाटात ठेवली, पण ती बसवायला अख्खा दिवस जाणार आणि दारात गिऱ्हाइकांची रांग. घरची गाडी नेहमीच शेवटी. म्हणून त्यांनी आपला पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर दादाच्या हातात दिला. "अडली की डावीकडे वाकायचं, ह्याच्या मुठीने खाली मोटरवर दोन ठोके द्यायचे. चालते. पुढच्या आठवड्यात बदलू." दादाने तिथल्या तिथे करून पाहिलं. मोटर फिरली, दोघं हसले. गाडी थांबवून ठोक, एवढं सांगायचं राहिलं. इतकं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं होतं.

पुढचा आठवडा दादाला मिळालाच नाही. भल्या सकाळी, सरळसोट रस्त्यावर गाडी झाडावर गेली. ब्रेक लावल्याची खूणसुद्धा नव्हती. झोप लागली असणार, असं सगळे म्हणाले आणि वहिनींनी ते मनाला लावून घेतलं. आदल्या रात्री नवराबायकोचं कडाक्याचं वाजलं होतं. "मीच ह्यांना झोपू दिलं नाही," असं त्या अकरा वर्षं म्हणत आल्या, आणि मिस्त्री दर वेळी मान खाली घालून चहा पीत आले.

स्क्रूड्रायव्हर ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात असायचा. अपघातानंतर मिस्त्रींनी तिथे हात घातला होता. कप्पा रिकामा होता. पुढे त्यांनी शोधलं नाही, कारण शोधलं असतं तर सापडलं असतं. पण तेव्हापासून कुठल्याही गाडीत काही ठोकलं की ताडपत्रीखालून परत दोन ठोके ऐकू यायचे. उंदीर असेल म्हणून त्यांनी सापळाही लावून पाहिला. सापळ्यात कधी काही अडकलं नाही.

शेवटचा स्क्रू सुटला. मोटर पंख्यासकट खाली आली आणि तिच्यामागच्या फटीतून काहीतरी घसरत त्यांच्या छातीवर पडलं. पिवळी मूठ होती. तिच्यावरच्या तीन खाचा त्यांनीच पाडलेल्या होत्या. मोटरच्या बुडावर बारीक बारीक पोचे होते, मोजता येणार नाहीत इतके. दादा रोज ठोकत होता.

खिसा मोठा होता. स्क्रूड्रायव्हर त्यात सहज मावला असता.

मग त्यांनी कपाटातली तीच जुनी नवी मोटर काढली, बसवली आणि वहिनींना हाक मारली. "बसा आत. बघा."

बटण फिरवताच आधी अकरा वर्षांची धूळ वहिनींच्या मांडीवर आली, मग स्वच्छ वारा. "चालला की," त्या म्हणाल्या.

शेजारच्या सीटवर बसून मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर पुढे धरला. "वहिनी, दादा झोपला नव्हता." आणि मग सगळं सांगितलं. कपाटातली मोटर, दोन ठोके, पुढचा आठवडा. काही गाळलं नाही. "हा मोटरच्या मागे सापडला. त्याचा हात तिथे होता. माझ्या सांगण्यावरून."

त्यांना शिव्या हव्या होत्या. वहिनींनी ब्लोअर बंद केला.

"म्हणजे, जागे होते?"

"जागा होता."

"परत सांगा."

"जागा होता, वहिनी."

वहिनींनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि खाचांवरून अंगठा फिरवला. मग डावीकडे पार खाली वाकून, मिस्त्रींच्या गुडघ्यापलीकडे हात नेऊन, मुठीने हलकेच दोन ठोके दिले. तशाच वाकलेल्या त्या थोडा वेळ राहिल्या. तिथून काचेपलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

"अकरा वर्षं, भाऊजी," सरळ होत त्या म्हणाल्या. "हा मी ठेवते. पोरीच्या गाडीत नको."

त्या घरात गेल्या. परतीच्या दोन ठोक्यांची मिस्त्रींनी कान देऊन वाट पाहिली. शेडमध्ये कसलाच आवाज नव्हता. बॉनेटवर चहा गार होऊन वर साय धरली होती. त्यांनी तो तसाच प्यायला.