बोरॉन नसलेली चकती

प्रयोगशाळेत तिला सगळे बोरॉनताई म्हणत. नखाएवढ्या चकत्यांवर बोरॉनचा पातळ थर चढवणं हे तिचं काम. निर्वात टाकीत लेझरच्या जोरावर हायड्रोजनचे कण त्या थरावर आदळायचे. दोघांचा संयोग झाला की अल्फा कण उडायचे आणि समोरच्या प्लास्टिकच्या पट्टीवर बारीक खड्डे पाडायचे. यातूनच पुढेमागे वीज करायची होती. खड्डे तर भरपूर पडत होते. शुक्रवारी ते बघायला पैसे देणारे पाहुणे येणार होते.

बुधवारी तिने खात्रीसाठी बोरॉन न लावलेली कोरी चकती ठेवून पाहिली. खड्डे उठून दिसावेत म्हणून पट्टी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खड्डे तेवढेच!

पंपवाल्या काकांना बोलावून तिने टाकी उघडली. आत तेलाचा चिकट थर, कुबट वास. आणि चकतीच्या खाचेच्या कडेला टेपने चिकटवलेलं, यंत्र तपासायला वापरतात ते बटणाएवढं किरणोत्सारी बटण. सगळे अल्फा कण त्याचेच.

"कोणीतरी विसरलंय," काका म्हणाले.

ती तडक प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, सरांकडे गेली. कॉलेजात त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"माहितेय मला," टोस्ट चावत सर म्हणाले. "दोन महिने झाले."

"मग काढलं का नाही?"

"अगं, पाहुण्यांना खड्डे बघायचेत. खड्ड्यांचं कूळ कोण विचारतंय? ती कोरी पट्टी टाकून दे. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं."

त्यांच्या ओठांवर लोणी चमकत होतं. याच माणसाचा शब्द न् शब्द तिने एकेकाळी वहीत उतरवून घेतला होता.

शुक्रवारी तिने दोन सूक्ष्मदर्शक शेजारीशेजारी मांडले. एकाखाली बोरॉनची पट्टी, दुसऱ्याखाली कोरी. एक पाहुण्या बाई दोन्हींत डोकावल्या.

"दोन्ही सारख्याच कशा?"

ती बोलणार, तोच सर हसत पुढे सरसावले. "हीच तर आमची शिस्त! चूक आम्हीच पकडली, आम्हीच सांगतोय!"

टाळ्या पडल्या. ती सूक्ष्मदर्शकांचे दिवे बंद करू लागली.

बटण मात्र निघालं. तिने आणि काकांनी चार दिवस टाकी स्पिरिटने घासली. मग पुन्हा मोजणी. बोरॉनचे अकरा खड्डे, कोरीचे नऊ. दोनचा फरक योगायोगानेही पडतो, म्हणजे हाती काहीच नाही. तिने तसंच लिहिलं.

"दोन जास्त आहेत की!" सर म्हणाले. "सुरुवात झाली म्हणू."

"म्हणा तुम्ही. माझं नाव कुठेही घालू नका, सर."

बदलीचा अर्ज टेबलावर ठेवून ती बाहेर पडली.