निरोगी नमुना

"दादामियाँ, आज परत साखर दोनशे ऐंशी! पट्टी शाईत नीट बुडवता ना?" दीक्षा मॅडमनी यंत्रावरची नजर न काढता विचारलं.

"बुडवतो की. मोजून दहा सेकंद." बोटावर कापूस दाबत दादामियाँ म्हणाले आणि मनातून खजील झाले.

कर्वेनगरच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेत ते तेवीस वर्षं मदतनीस होते. कार्बनच्या, केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्यांची काळी शाई पट्टीवर चढवायची, त्यावर साखर ओळखणारं एन्झाइम बसवायचं, हे नाजूक काम पीएचडीवाल्यांपेक्षा त्यांनाच चांगलं जमे. पट्टीची पारख करायला रक्तही त्यांचंच. चार वर्षांपूर्वी तपासणी होऊन त्यांच्या नावापुढे 'निरोगी' असं लिहिलं गेलं. एकदा लिहिलेलं पुन्हा तपासायची तसदी कोण घेतो? पट्टी चुकली म्हणणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

दोन महिने आकडे चढेच येत राहिले. दीक्षा ते लाल रेघेनं खोडायची आणि शेजारी 'सदोष पट्टी' लिहायची. दादामियाँ मान खाली घालून त्या पट्ट्या कचऱ्यात टाकत.

घरी त्यांनी बायकोपुढे हात धरला. "परवीन, बघ बरं, कापतोय का?"

"हाताला काय धाड भरलीय? पायाचं बघा आधी," ती म्हणाली.

नव्या चपलेनं अंगठ्याला झालेली जखम महिनाभर भरत नव्हती. पण त्यांना पायाची फिकीर नव्हती. हातच बिघडला, तर प्रयोगशाळेत आपली किंमत काय?

अंगठा काळा पडला तेव्हा परवीननं त्यांना इस्पितळात नेलं. साखर तीनशेच्या वर निघाली. अंगठा कापावा लागला.

महिन्याभरानं ते लंगडत कामावर आले, तेव्हा दीक्षा खुर्चीवरून उठली. "पट्ट्या बरोबर होत्या, दादामियाँ. मी दुकानातल्या साध्या ग्लुकोमीटरवर एकदा तरी बघायला हवं होतं."

"बघायचं होतं, मॅडम." त्यांना भयंकर राग आला होता, पण तेवीस वर्षांत इथे आवाज चढवायची सवयच लागली नव्हती.

"ते खोडलेले आकडे आता आम्ही शोधनिबंधात घेतोय. फार मोलाचे आहेत." तिनं चाचरत कागद पुढे केला. "तुमची संमती लागेल."

कागदावर 'निरोगी'च्या जागी 'रुग्ण' होतं. त्यांनी सही केली. मग स्टूल ओढून, पाय जपत ते बसले आणि नवी पट्टी शाईत धरली. एक ते दहा मोजलं. हात जराही कापला नाही.