मापाच्या वेळची बडबड

मिस्त्रींचे हात थरथरायला लागले त्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून त्यांनी स्वतःला कामातून गेलेला माणूस ठरवून टाकलं होतं. चाळीस वर्षं लोकांना कृत्रिम पाय करून दिले, आता चहाचा कप धरायला दोन हात लागायचे! वर्कशॉप सुनेकडे होतं. सून शिकलेली इंजिनिअर. मापासाठी पायावर लावायच्या प्लास्टरच्या जागी तिने स्कॅनर आणला. पायाभोवती फिरवला की माप थेट कॉम्प्युटरवर. मिस्त्री खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसत आणि मधूनमधून नाक मुरडत.

त्या दिवशी चिमणी आली, कुबड्यांवर. सात वर्षांची असताना गुडघ्याखाली पाय गेलेल्या या पोरीला हे नाव मिस्त्रींनीच ठेवलेलं. आता ती शाळेत शिकवायची, केस पिकायला लागले होते, पण नाव तेच. तिने पिशवीतून नवा पाय काढून टेबलावर ठेवला.

"हा तिसरा," ती सुनेला म्हणाली. "अर्ध्या तासात कातडी सोलून निघते. सोमवारी शाळा सुरू होतेय. आठवीच्या वर्गाला बसून शिकवलं तर पोरं डोक्यावर बसतील. या वेळी नाही जमलं तर मुख्याध्यापिका मला ऑफिसात कागद लावायला बसवणार." तिने पाय सुनेकडे सरकवला. "मला वर्ग हवाय हो."

सुनेचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, माप केसभरही चुकलेलं नाही. तीनदा तपासलं मी."

मिस्त्रींना आतून गुदगुल्या झाल्या, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. पोरीचा पाय सोललाय आणि हे म्हातारं खूश!

"काका, तुम्हीच घ्या ना माप. पूर्वीसारखं."

मिस्त्रींनी दोन्ही हात पुढे धरून दाखवले. "या हातांनी? तुझा पाय सोडून टेबलालाच प्लास्टर लावीन." कोणी हसलं नाही.

सुनेने पुन्हा स्कॅनर उचलला. "ताई, अजिबात हलू नका. बोलूही नका."

चिमणीने ओठ घट्ट मिटले. मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं, तर तिचा तो अर्धा पाय लाकडासारखा ताठ झालेला. बोलू नका? अरे देवा! ताठलेल्या पायाचं माप चालत्या पायाला कसं बसणार?

लहानपणी प्लास्टरच्या ओल्या, गार पट्ट्यांना घाबरून ती अशीच ताठ व्हायची. मग मिस्त्री तोंडाची टकळी सुरू करत. शेजाऱ्यांचा बोकड, त्याने पळवलेला पायजमा, काय वाट्टेल ते. पोर खो खो हसायची, पाय सैल सोडायची आणि प्लास्टर त्या सैल पायावर घट्ट व्हायचं. दाराशी मशीनवर बायको कृत्रिम पायाच्या आत घालायचे सुती मोजे शिवत असायची. "अहो, तोंड आवरा आणि हात चालवा," ती करवादायची. "तोंडाने पाय होत नाहीत!" दर वर्षी पोर वाढायची, दर वर्षी नवा पाय, नवं माप आणि बायकोचं तेच वाक्य. काय दिवस होते ते!

"तू फिरव तुझं यंत्र," मिस्त्री सुनेला म्हणाले आणि खुर्ची ओढून पुढे आले. "चिमणे, त्या बोकडाचं पुढे काय झालं, सांगितलं का तुला?"

"काका, तो अजून आहे?"

"आहे म्हणजे? परवा तुझ्या शाळेत घुसला. ऑफिसातले झाडून सगळे कागद खाल्ले. आता तुला लावायला एक उरलेला नाही, मुकाट्याने वर्गावर जा."

चिमणी फिसकन हसली, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सुनेने तिच्या पायाला बोट लावून पाहिलं. मऊ. "बाबा," ती हळूच म्हणाली, "थांबू नका. बोलत राहा."

सोमवारी शाळा सुटल्यावर फोन आला. "काका, सगळे तास उभी होते! एक ओरखडा नाही." मागे पोरांचा नुसता कल्ला चालला होता.

मिस्त्रींनी फोन ठेवला. आतून सुनेने हाक मारली, "बाबा, माप घ्यायचंय. या बोलायला!"

ते उठले. दाराशी बायकोचं मशीन ती गेल्यावरही तसंच होतं. त्यावर थरथरता हात ठेवून ते म्हणाले, "होत होते गं. तोंडानेच होत होते." आणि उलट उत्तराची, सवयीने, जरा वेळ वाट पाहत राहिले.