भिंतीला टेकू नका

मी एक जुनी लाकडी भिंत आहे. खरं सांगायचं तर भिंत विटांचीच आहे. मी तिच्या अंगावर चढवलेला सागवानी कोट. मित्रांनो, कोट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखादा साहेब उभा राहिला असेल. माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

बोनकोडे गावात गोटीराम म्हात्रे यांचं घर आहे. त्या घराच्या हॉलमध्ये, पुढच्या दारापासून थेट न्हाणीच्या दारापर्यंत, मी चाळीस वर्षं उभी आहे. लांबी बावीस फूट, उंची माणसाच्या डोक्याच्या वर वीतभर. उभं राहण्यापलीकडे दुसरं काम नसलं की काहीतरी खोड लागतेच. मला मोजायची खोड लागली. या घरात आजवर किती माणसं आली हे मला विचारू नका. पण त्यांतली किती माणसं माझ्या अंगाला पाठ टेकून बसली, ते मी नेमकं सांगू शकते. गेल्या पावसाळ्यापर्यंत, चाळीस वर्षांत, अकरा. त्यांतली चार लहान मुलं होती, एक शेजारचा म्हातारा, आणि बाकीचे दूरचे पाहुणे. बिचाऱ्यांना घरचा नियम माहीत नव्हता.

नियम एकच होता. भिंतीला टेकू नका.

तो आला कुठून, हे मला माझ्या जन्माच्या वेळीच कळलं. मी तेव्हा फळ्यांच्या थप्पीत पडून होते आणि तरणाबांड गोटीराम सिताराम सुताराला सगळं समजावत होता. त्याची शेती नव्या शहरासाठी गेली होती. कागदपत्रांसाठी सरकारी हापिसात खेपा चालू होत्या. साहेबाच्या केबिनला अशीच काळसर, चकचकीत सागवानी भिंत होती. एके दिवशी तीन तास उभं राहून कंबर अवघडली, म्हणून गोटीरामने पाठ जरा टेकली. लगेच शिपाई खेकसला, “ओ, भिंतीला टेकू नका! पॉलिश खराब होतं.”

“मना तशीच भिंत पायजे, सितारामदादा,” गोटीराम सांगत होता. “तशीच काली. साहेब आला तर त्याला वाटला पायजे, ही माझीच केबिन हाय.”

“आणि तुझ्या भिंतीला टेकायचं का, बाबा?” सितारामने रंधा थांबवून विचारलं.

“टेकायचं म्हंजे? माझ्या घरान सगली टेकून बसतील. पाय पसरून!”

सितारामने मला जीव ओतून घडवलं. लाख आणि स्पिरिटचं पॉलिश कापसाच्या बोळ्याने नऊ दिवस माझ्या अंगात मुरवलं. दहाव्या दिवशी संध्याकाळी सगळं गाव बघायला आलं. शेजारचा एक म्हातारा, डोक्याला चांगलं चोपडून तेल लावलेला, मला टेकून बसला. ती माझी पहिली पाठ. तो उठला तेव्हा माझ्यावर पुरीएवढा तेलकट डाग पडला होता. गोटीरामने डागाकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडातून अगदी त्याच चालीत शब्द निघाले, “ओ, भिंतीला टेकू नका! पॉलिश खराब होतं.”

साहेबाची भिंत मागवली होती. सोबत शिपाई फुकट आला.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. पाहुण्यांचे पाहुणे खास मला बघायला यायचे. मात्र दारात मोठ्याने हसत आलेला माणूस माझ्यासमोर आला की आवाज उतरवायचा, खुर्चीच्या कडेला बसायचा आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचा. कोणाला कळायचं नाही असं का होतं ते. मला कळायचं. तो हापिसात बसलेला असायचा.

गोटीरामच्या मुलाचं, प्रीतमचं लग्न झालं, तेव्हा तर गंमतच झाली. यांच्यात लग्नाला धवलारीण येते. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, आणि तिच्यासमोर तांदळाच्या पिठात बुडवलेले हात भिंतीवर उठवतात. नवी सून पीठभरला तळवा घेऊन माझ्याकडे आली आणि गोटीराम आडवा उभा राहिला. शेवटी एका जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू खिळ्याला टांगली आणि सुनेचे हात त्याच्यावर उठवले. धवलारीण गाता गाता थांबली आणि म्हणाली, “सून घरान आली का क्यालिंडरान?” सगळे हसले. गोटीराम हसला नाही.

त्याची बायको गोजराबाई. माझी सगळी काळजी त्यांनीच घेतली. रोज सकाळी मऊ फडकं घेऊन त्या मला या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायच्या. चाळीस वर्षं. पण मित्रांनो, त्यांचा तळवा कसा आहे, मऊ की खरबरीत, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या दोघींच्या मध्ये कायम फडकं असायचं. काम झालं की त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसायच्या, हॉलमध्ये नाही.

पुढे आजूबाजूला उंच इमारती आल्या. आमच्याकडे ऊन यायचं बंद झालं. मी आणखी काळी पडले. ट्यूबलाइट लावली तरी मी तिचा निम्मा उजेड गिळायचे. प्रीतमची मुलगी नमिता कॉलेजात जायला लागली आणि तिने मला नाव ठेवलं, भूतबंगला.

“आप्पा, पांढरा मारून टाकू ना,” ती आजोबांच्या मागे लागायची. गोटीरामला आता सगळं घर आप्पा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. “रील काढली तर आपले सगळे नुसते दातच दिसतात.”

“सागवानाला पांढरा? मी मेल्यावर मार.”

“मग तुमच्या फोटोला बॅकग्राउंड चांगला मिळेल,” नमिता म्हणायची आणि पळायची.

अशीच आणखी वर्षं गेली असती. पण गेल्या पावसाळ्यानंतर गोजराबाई मागच्या दारी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली सुटली, आणि त्यांचा पलंग खाली हॉलमध्ये, माझ्या समोर आला.

ज्ञानेश्वरी मॅडम नावाची एक तरुणी त्यांना व्यायाम शिकवायला यायची. मूळची साताऱ्याकडची, बोलायला रोखठोक. सहा आठवडे झाले तेव्हा ती म्हणाली, “आजी, वॉकर न्हाणीच्या दारातून जात नाही, आणि तो आता सोडायचाही आहे. तिथवर भिंत धरून चाला. एवढी दणकट भिंत दिलीय देवानं.”

“देवानं नाही, आप्पानं,” नमिता म्हणाली.

“आप्पांनी तर आप्पांनी. धरा, आजी.”

गोजराबाईंनी हात उचलला. तो माझ्या दिशेने आला, आणि चार बोटांवर थांबला. मी वाट बघितली. हात पुढे आलाच नाही.

“पॉलिश खराब होल,” त्या पुटपुटल्या आणि खाली बसल्या.

रोज हेच व्हायला लागलं. हात यायचा, चार बोटांवर थांबायचा. मी दुसरंही एक मोजत होते. दिवसाला आठ भांडी पाणी पिणारी ही बाई तीन भांड्यांवर आली होती. पाणी प्यायलं की न्हाणीत जावं लागतं, आणि न्हाणीत जायचं तर सुनेला नाहीतर नातीला हाक मारावी लागते. आयुष्यभर कोणाला कामासाठी हाक न मारलेली बाई. तिने तहानच कमी केली.

एके दिवशी दाराजवळ, माझ्या टोकाशी उभी राहून ज्ञानेश्वरी मॅडम नमिताला हळूच म्हणाली, “पुढच्या तीन आठवड्यांत त्या चालायला लागल्या तर लागल्या. नाहीतर मग फार अवघड आहे गं.” मी ऐकलं. दाराबाहेर चपला घालणाऱ्या आप्पांनीही ऐकलं. ते चपला काढून परत आत आले.

“गोजरे, धर ती भिंत.”

“तुमीच बोलले होते ना, हात लावायचा नाय.”

“तवा बोललो. आता बोलतोय, धर.”

“हात नाय जात माझा! हापिसान आल्यावानी वाटतं. आता कोन तरी येल आनि बोलंल, बाई, बाहेर थांबा.”

आप्पा माझ्याकडे बघायला लागले. त्यांना तो शिपाई आठवला असावा. त्याच्यानंतरचा शिपाई कोण, हेही.

नमिता स्टीलचा दांडा घेऊन आली, माझ्यावर बसवायला. त्यावर गोजराबाई पलंगावरूनच ओरडल्या, “सागवानाला भोकं पाडतेस? आप्पांनी हाडाची काडं करून उभारलीय ती!” दांडा कोपऱ्यात गेला.

त्या संध्याकाळी आप्पा खुर्ची ओढून पलंगाशी बसले. “तुझ्या माहेरी भिंत कशी होती गं?”

“चुन्याची. पांढरी.” गोजराबाईंचा चेहरा उजळला. “हात लावला का हात पांढरा, टेकलं का पाठ पांढरी. आय आमची बोलायची, आपल्या घरचा मानूस पाठीवरून कलतो.”

दुसऱ्या दिवशी आप्पांनी नामा पेंटरला बोलावलं.

नामा माझ्यावरून हात फिरवत राहिला. त्याला रडूच यायचं बाकी होतं. “आप्पा, लोक प्लायवूडला सागवानाचा कागद चिकटवत्यात, आन् तुमी सागवानाला पांढरं करताय? परत असं व्हायचं न्हाई, सांगून ठेवतो.”

“मार.”

“चूक करताय.”

“चूक करून झाली, नामा. चालीस वर्सं केली. आता रंग मार.”

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? पॉलिशपेपर अंगावरून फिरला तेव्हा दुखलं. सितारामचे नऊ दिवस तपकिरी भुकटी होऊन फरशीवर पडले, आणि नमिताच्या आईने केरसुणीने झाडून नेले. माझ्या अंगावरचा तो पहिला पुरीएवढा डागही गेला. त्याचं मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. कसाही असला तरी तो टेकलेल्या माणसाचा होता.

पांढऱ्याचा पहिला हात मारला आणि सकाळी बघतात तर काय! माझ्या अंगावर चहा सांडल्यासारखे लालसर डाग वर आले होते. “सागवानाचं तेल वर येतंय,” नामा म्हणाला.

“साहेब खुर्ची सोडत नाय,” आप्पा म्हणाले. माझ्या बाबतीत त्यांनी केलेला हा पहिला विनोद.

नामाने पुन्हा घासलं आणि मध्ये लाखेचा एक थर दिला, म्हणजे आतलं तेल आतच राहील. ज्या लाखेने मला साहेब केलं होतं, तिनेच साहेबाला आत बंद केलं. मग वर पांढरा, आणि पुन्हा पांढरा. पाचव्या दिवशी दुपारी शेवटचा हात मारून झाला, आणि आप्पा नामाला घेऊन कोपऱ्यावर चहाला गेले. हॉलमध्ये मी आणि गोजराबाई.

त्या माझ्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, पुसायला कुठे धूळ आहे का हे न शोधता, नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी वॉकर ओढला आणि उठल्या. हाक कोणालाच मारली नाही. माझ्याजवळ येऊन वॉकर बाजूला सारला. एक पाऊल टाकलं, आणि तो दुखरा पाय लटपटला.

हात आला. चार बोटांवर थांबला नाही. सगळा तळवा माझ्यावर पडला.

खरबरीत होता, मित्रांनो. आणि गरम.

मी अजून ओली होते, पण निसटू दिलं नाही. त्यांनी दुसरं पाऊल टाकलं, पुढे दुसरा हात ठेवला. तेवढ्यात दारात नामा आला आणि किंचाळला, “आजी, वलं हाय! रंग वला हाय!”

गोजराबाई दचकल्या. जुन्या सवयीने त्यांनी हात मागे घेतला आणि तोल गेला.

“हात काढू नको!” आप्पा नामाच्या मागून गरजले. “धर! धरून ऱ्हा, गोजरे!”

हात परत माझ्यावर आदळला. स्वयंपाकघरातून नमिता धावत आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. घरातलं प्रत्येक माणूस आप्पांच्या तोंडाकडे बघत होतं.

“चाल आता,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “कोन बाहेर थांबा नाय बोलनार.”

गोजराबाई चालल्या. मी हात मोजले. न्हाणीच्या दारापर्यंत नऊ. आत गेल्यावर त्यांनी कडी लावली. एकट्या गेल्या आणि स्वतः कडी लावली. कडीचा आवाज आप्पांनी ऐकला. ते माझ्याजवळ खाली बसले, आणि सुटकेचा सुस्कारा टाकून, कसलाही विचार न करता, त्यांनी पाठ मागे टेकली.

बारावी पाठ. त्यांची स्वतःची, पहिल्यांदाच.

“आप्पा, शर्ट!” नामाने कपाळावर हात मारला.

न्हाणीतून परत येताना गोजराबाईंनी नमिताचा खांदा धरला होता. आप्पा उठायला वळले, आणि त्यांच्या निळ्या शर्टाची पांढरीफटक पाठ गोजराबाईंना दिसली. त्या इतक्या हसल्या की पलंगावर बसवावं लागलं.

“आता कलला,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “हा मानूस आमच्या घरचाच हाय.”

नामाला पाठीचा फराटा सारखा करायला परवानगी मिळाली. हातांना ब्रश लावू दिला नाही. ते नऊ तळवे रंगात तसेच वाळले आहेत. नमिता म्हणते, माझ्या लग्नात कॅलेंडर लागणार नाही. तिचं लग्न अजून ठरलेलंही नाही.

गोजराबाई परत आठ भांड्यांवर आल्या आहेत. दुपारी त्या मला टेकून भाजी निवडतात, पाय पसरून. पाठींची गणती माझ्याकडून परवाच्या सत्यनारायणाला चुकली. एका वेळी इतकी माणसं टेकली होती.

तेव्हा मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पुसा, रंगवा, वाळवी लागू देऊ नका. पण इतकी जपू नका की घरातल्या माणसाचा हात चार बोटांवर थांबेल. कधी बोनकोड्याला आलात तर आमच्याकडे या. दार उघडंच असतं. आत या, खाली बसा, आणि खुशाल टेका.

रंग आता वाळला आहे.