खांडीची हाक

"ह्यो माजा आवाज हाय," भीमामावशी म्हणाल्या.

मी लॅपटॉप घाईने गप्प केला आणि आधी पाळण्यात पाहिलं. रेवा झोपलेलीच होती. पाच महिन्यांची आहे. तिचा श्वास मी दिवसातून किती वेळा तपासते, ते कुणाला सांगत नाही. मावशी त्यांच्या गव्हाण गावाहून रोडपालीला आमच्याकडे तिला सांभाळायला येतात. त्या असतात तेवढ्या वेळात मी इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशातले लेख तपासते, सुधारते. कॉलेजातली सवय, बाळंतपणानंतर तेवढीच उरली.

आजचा लेख 'खाजणवाट' या भुताच्या व्हिडिओ गेमवरचा होता. खाडीच्या चिखलात वाट चुकते, लांबून बाईची हाक येते. तिसरी हाक आली की खेळ संपला. तीच हाक मी लावली होती.

"तुमचा कसा असेल, मावशी? हा आवाज कम्प्युटरवर तयार केलाय. बनवणाऱ्याच्या मुलाखतीत छापून आलंय."

"कम्प्युटर गेलता काय आमच्या मिठागरात? उधानाला बांध फुटून खांड पडली का मीच हाक मारायची. सगली पलत यायची, बांध वाचवायला. मागं दोन पोरं आली, मशीन धरली नि बोल्ली, मावशी, मारा ना तशी." त्यांच्या हातातलं दुपटं घडी व्हायचं थांबलं. "त्याचा भूत केला काय?"

मला हसू येत होतं, ते आलं नाही.

"माजा नाव टाक त्यात."

"तसं नाही टाकता येत. पुरावा लागतो."

"मी सांगते ना!"

"तुम्ही सांगितलेलं चालत नाही, मावशी. छापील लागतं."

"बरा हाय तुमचा. खोटा छापला का चालतो, नि ज्याचा गला त्यालाच इचारायचा नाय."

नियमाने एकच वाट होती. खेळाच्या शेवटी नावं येतात, ती पुरावा म्हणून चालतात. पण त्यासाठी खेळ पुरा करायला हवा, आणि मी तर भुताच्या सिनेमाची जाहिरातही डोळे मिटून ऐकते.

तीन दुपारी खेळले. मावशी शेजारी, रेवा त्यांच्या मांडीवर.

"तकडं नको जाऊ, तकडं नुसता चिखल हाय. बांधावरून चल. कोनी शिकवला गो तुला चालायला?"

हाक आली की मी डोळे मिटून घ्यायचे. रेवा मात्र आनंदाने पाय झाडायची. आवाज तिच्या ओळखीचा होता.

चौथ्या दुपारी खेळ संपला. नावं वर सरकू लागली. चित्रं, संगीत, आणि अगदी तळाशी : 'हाक – गव्हाणची एक बाई'.

आवाज कम्प्युटरवर केल्याची लेखातली ओळ मी काढली, ही घातली आणि चर्चेच्या पानावर कारण लिहिलं. मग लेख फोनवर उघडून मावशींना वाचून दाखवला.

"एक बाई," त्या म्हणाल्या. "नाव इचारलाच नाय त्यांनी. नि मी पन नाय सांगितला."

"मावशी, मी त्यांना पत्र लिहीन."

"लिव. सावकाश लिव." त्यांनी पदराला हात पुसला. "गव्हान खयं लिवलाय, दाखव."

मी दाखवलं. त्यांनी त्या शब्दाखाली बोट धरलं. थोड्या वेळाने फोनचा पडदा विझला, तसा त्यांनी बोटाने हलकेच टोचून तो परत उजळवला.