आधी तुमचं जनावर

कवळीवाल्यांना कुणी मत विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत, तिथे जे मत दिसेल ते उचलत आणि थोडं पॉलिश करून परत देत. धंदाही तसाच होता. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे येत. हे त्यात प्लास्टर ओतून साचा काढत, मेणात दात बसवत आणि ज्याचा जसा जबडा तशी कवळी करून पाठवत. चांगली कवळी ती, जी कवळी आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. पन्नाशी उलटेपर्यंत कवळीवाले स्वतःही या कसोटीला पुरेपूर उतरले होते. ते खोलीत आहेत हे सहसा कुणाच्या लक्षात येत नसे.

रविवारची दुपार तेवढी अपवाद. खेळण्यांच्या एका दुकानामागच्या खोलीत सात मोठी माणसं पत्ते खेळायला जमत. पत्ते म्हणजे राजा-राणीचे नव्हेत. या खेळात प्रत्येकाने आपापला डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, घरून बांधून आणायचा. पत्त्यांवर नाना तऱ्हेची जनावरं असतात. ती टेबलावर उतरवायची, समोरच्याच्या अंगावर सोडायची आणि त्याचे वीस जीव संपवायचे. कवळीवाल्यांना तिथे आणलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीने. ताई निवृत्त मुख्याध्यापिका. "घरात बसून बसून भिंतीच्या रंगाचा झालायस, बाळ्या," असं म्हणून तिने शाळा चुकवणाऱ्या पोराला आणावं तसं त्यांना दंडाला धरून आणलं. तेव्हापासून कवळीवाले दर रविवारी नेमाने येत आणि नेमाने हरत. सात जणांच्या जोड्या लावल्या की एक जण उरतो, आणि उरलेल्याने चहा ओतायचा. तो एक कोण, यासाठी चिठ्ठ्या टाकायची वेळ कधी आली नाही.

पण हरण्यातही सुख होतं. "अहो कवळीवाले, झोपलात का? तुमची पाळी!" असं कुणीतरी ओरडे. आठवडाभरात त्यांच्याशी एवढं मोठं वाक्य दुसरं कुणी बोलत नसे.

अशात एका रविवारी दुकानाच्या मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "मला या भिंतीला कोड्यांच्या खोक्यांसाठी फळ्या मारायच्यात. कोडी खपतात. तुम्ही खपत नाही. तेव्हा पुढच्या महिन्यापासून सहाच खुर्च्या. कुणी उठायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

ठरवायचं कसलं! महिनाअखेर जो सर्वांत खाली असेल त्याने उठायचं, असं वकीलबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, आणि सगळ्यांनी कवळीवाल्यांकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. तिरडी बांधून तयार आणि माणूस अजून बसलेला, अशी ती नजर होती.

"मनाला लावून घेऊ नका," भूलतज्ज्ञ म्हणाले. हे त्या खोलीतले अव्वल खेळाडू. रुग्णालयात भूल द्यायला त्यांना इंजेक्शन लागतं कशाला, ते नुसतं बोलत का नाहीत, असं ताई म्हणायची. "डेक म्हणजे माणसाचं व्यक्तिमत्त्व असतं, कवळीवाले. ते आतून यावं लागतं. तुमच्या आतून ते अजून आलं नाही, इतकंच."

भूलतज्ज्ञांचं व्यक्तिमत्त्व इंटरनेटवरून आलं होतं. तिथे गेल्या वर्षीच्या कुठल्याशा विजेत्याची यादी होती, तिच्यातला पत्तान् पत्ता त्यांनी मागवला होता. वकीलबाईंचं व्यक्तिमत्त्वही त्याच यादीतलं. नळदुरुस्तीवाल्याचंही तेच, फक्त दोन महागडे पत्ते वगळून. राहता राहिले जुळे भाऊ. ते एकमेकांचं वाक्य पुरं करत, त्यामुळे दोघांचे डेक सारखे असण्यात नवल नव्हतं. वेगळी होती ती एकटी ताई. तिच्याकडे चिमण्या होत्या. चित्र आवडलं म्हणून तिने घेतल्या होत्या. जिंकायच्या फारशा नाहीत, पण मरायच्याही नाहीत, म्हणून ताई सहावी आणि कवळीवाले सातवे.

त्या आठवड्यात कामावर एक म्हातारी आली. डॉक्टरांनी तिला थेट कवळीवाल्यांकडेच पाठवलं होतं, कारण तिने तीन सुरेख कवळ्या नाकारल्या होत्या. तिने पर्समधून तरुणपणचा फोटो काढला. पुढचा एक दात शेजाऱ्यावर चढलेला.

"मला चांगले दात नकोत," ती म्हणाली. "माझे हवेत."

कवळीवाले दिवसभर भिंग डोळ्याला लावून तो वाकडा दात घडवत बसले. आणि बसल्या बसल्या त्यांना वाटलं, आपल्याला स्वतःचं जनावर काही सुचत नाही. सुचणारही नाही. पण दुसऱ्याचं? दुसऱ्याचं तर आपण हुबेहूब करू! लगेच त्यांना या विचाराची लाज वाटली. मग वाटलं, लाज वाटून तरी काय करायचंय, पुढच्या महिन्यात चहासुद्धा ओतायला मिळायचा नाही.

दुकानात नको असलेल्या पत्त्यांची एक पेटी होती. तिच्यात तळाशी आरसा, सावली, बहुरूपी असले पत्ते पडलेले असत. त्यांच्यावर एकच मजकूर: समोरच्याचं एक जनावर निवडा, हा पत्ता तेच जनावर होतो. समोर जनावर नसताना टाकला तर बिनकामाचा, म्हणून कुणी घेत नसे. कवळीवाल्यांनी सगळे वेचले. जोडीला वेळ काढणारे पत्ते घेतले: कुंपण, धुकं, एक पाळी पुढे ढकला. समोरच्याचं सर्वांत मोठं जनावर उतरेपर्यंत तग धरायचा आणि मग आयत्या बिळावर नागोबा व्हायचं. प्लास्टर सुकेपर्यंत ते पत्ते मांडत, मेण थंड होईपर्यंत मोडत. त्या डेकमध्ये स्वतःचं म्हणावं असं एकही जनावर नव्हतं. कवळीवाल्यांना तो फार आपला वाटला.

रविवारी समोर भूलतज्ज्ञ. त्यांनी बराच वेळ जमवाजमव करून तीन डोक्यांचा अग्निसर्प उतरवला आणि खुर्चीत मागे रेलले.

"आता काय करणार, कवळीवाले?"

"मी... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर," कवळीवाल्यांनी आरसा ठेवला, "मीही तोच घेतो."

"तोच म्हणजे?"

"तुमचा. छान आहे तो." मग त्यांनी सावली ठेवली. "अजून एक घेतो."

दोन अग्निसर्पांनी भूलतज्ज्ञांचे जीव संपवले. खोलीत प्रथमच असं झालं की भूलतज्ज्ञ गप्प आणि बाकीचे जागे.

"ही चोरी आहे," शेवटी ते म्हणाले.

"स्वतःचं काही नाही..." एक जुळा म्हणाला.

"...नुसती नक्कल!" दुसरा म्हणाला.

"पत्त्यावर लिहिलंय," ताई आपल्या चिमण्या पिसत म्हणाली. "वाचता येत नसेल तर मी शिकवते. माझा जन्म त्यातच गेला."

पुढच्या रविवारी कवळीवाल्यांनी वकीलबाईंना त्यांच्याच गेंड्याने तुडवलं, त्यानंतर नळदुरुस्तीवाल्याला त्याच्याच मगरीने गिळलं. दर विजयानंतर ते माफी मागत. लोक ती स्वीकारत नसत. पण त्यांच्याशी बोलत मात्र भरपूर! शिव्या का होईनात, वाक्यं लांबलचक असत. कवळीवाले घरी जाऊन ती आठवत झोपत. ही खुर्ची गेली तर घरात बोलायला फक्त लोकांचे दात उरतील, हे त्यांना आता पक्कं कळलं होतं.

महिन्याचा शेवटचा रविवार आला तेव्हा आधीचे पराभव धरून तळाला दोघेच उरले, गुण बरोबरीचे. कवळीवाले आणि ताई.

इतकी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. वाघ, गेंडे, अग्निसर्प, सगळ्यांची तयारी त्यांनी केली होती. पण खुर्चीसाठी शेवटी ज्या माणसाला हरवावं लागेल, त्याच्याकडे आरशात धरण्यासारखं काही नाहीच, हा हिशोब राहून गेला. तोफ ओढत न्यावी आणि समोर चिमणी असावी!

"ताई, मी उठतो," ते हळूच म्हणाले.

"गप बस आणि पत्ते पिस."

ताईने चिमणी उतरवली. कवळीवाल्यांनी बहुरूपी टाकून तिची चिमणी केली. ताईची दुसरी चिमणी, सावलीची चिमणी. दोन्हीकडच्या चिमण्या एकमेकींना टोचत राहिल्या, एकेक जीव जात राहिला. भूलतज्ज्ञ जांभया देऊ लागले. पाहता पाहता ताई पुढे गेली, कारण चिमण्या कशा वापरायच्या हे तिला ठाऊक होतं. कवळीवाल्यांना नक्कल जमली तरी चिमणीपण जमत नव्हतं. त्यांचे दोन जीव उरले. हातात दोन आरसे.

मग ताईने एक पत्ता ओढला, चष्म्यातून पाहिला आणि टेबलावर ठेवला. हत्ती.

ताईच्या डेकमध्ये हत्ती! कुणीतरी कधीतरी बदल्यात दिलेला, चिमण्यांत राहून गेलेला. वकीलबाई पुढे झुकल्या. चिमण्यांनी आणखी दोनदा टोचलं असतं तरी खेळ संपला असता. हत्तीची गरज नव्हती. कवळीवाल्यांनी ताईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

त्यांनी दोन्ही आरसे ठेवले. दोन हत्ती. ताईचे उरलेले जीव त्यांच्या पायाखाली गेले.

"अभिनंदन," वकीलबाई म्हणाल्या. त्या आवाजात लोक नोटीस देतात.

घरी जाताना कवळीवाल्यांनी चारदा विचारायचं ठरवून पाचव्यांदा विचारलं. "ताई, तू हत्ती मुद्दाम टाकलास?"

"मी? तुझ्यावर उपकार करायला?" ताई म्हणाली. "लहानपणी तुझ्या वाटणीचा खाऊ मी खाल्ला तो काय पुढे तुला हत्ती देण्यासाठी? चूक झाली. म्हातारी झाले. आता रविवारी दुपारची झोप मिळेल, पुण्य लागेल तुला."

आठवडाभर कवळीवाल्यांनी हेच चघळलं. मुद्दाम टाकला असेल तर आपण जिंकलोच नाही. चुकून टाकला असेल तर ताईची खुर्ची आपण बळकावली. दोन्हीत सुखाचं काही निघेना. एका कवळीत त्यांनी वरचे दात खाली बसवले.

रविवारी ते गेले. सहा खुर्च्या, भिंतीवर कोडी, आणि पाचही जणांच्या चेहऱ्यावर एक सात्त्विक तेज. कवळीवाले भूलतज्ज्ञांसमोर बसले. खेळ सुरू झाला.

भूलतज्ज्ञांनी पत्ता ओढला, पाहिला आणि पाळी सोडत म्हणाले, "पुढे."

कवळीवाल्यांनी पत्ता ओढला. सावली. "पुढे."

"पुढे," भूलतज्ज्ञ.

शेजारच्या टेबलावरही वकीलबाई म्हणत होत्या, "पुढे." जुळे एकमेकांसमोर बसून एकदमच म्हणत होते, "पुढे." तिकिटाच्या रांगेत उभं असल्यासारखी सगळी खोली पुढे पुढे करत होती आणि कुणी जागचं हलत नव्हतं.

बऱ्याच वेळाने नळदुरुस्तीवाल्याला राहवलं नाही. "ओ बाई, जनावर टाका की एखादं!"

"आधी तुम्ही टाका."

"माझ्याकडे कुठलं? माझे सगळे आरसे आहेत."

वकीलबाईंनी हातातले पत्ते मिटून घेतले. त्यांचेही सगळे आरसेच होते. भूलतज्ज्ञांचेही. इंटरनेटवर नकलेच्या डेकचीही एक यादी होती आणि पाचही जणांच्या आतून तीच आली होती.

"मला ती स्वतंत्रपणे सुचली," भूलतज्ज्ञ म्हणाले.

"आम्हाला पण," जुळे म्हणाले.

सहा आरसे समोरासमोर, आणि त्यात दाखवायला माशीसुद्धा नाही. खोली शांत झाली. कुणी कुणाला शिवी देईना, टोमणा मारीना. याच शांततेतून पळून कवळीवाले इथे आले होते आणि इथलं बसणं टिकावं म्हणून त्यांनी ताईला उठवलं होतं. आता मिळाली होती ती खुर्ची, बसा!

"मेलात का सगळे?" बाहेरून मालकीणबाईंनी विचारलं.

कवळीवाले उठले आणि कोड्यांच्या फळीपाशी जाऊन त्यांनी फोन लावला.

"ताई, झोपली होतीस?"

"होते. आता तुझ्या कृपेने उठले."

"तू ये ना. इथे कुणाकडेच जनावर नाही. सगळे नुसते बसलेत."

"आणि मी बसू कुठे? कोड्यांवर?"

"माझ्या खुर्चीवर."

"आणि तू चहा ओतणार. शहाणाच आहेस!"

"नाही," कवळीवाले म्हणाले, आणि मागे पाच जणांनी वळून पाहिलं, कारण हा शब्द त्या आवाजात त्यांनी ऐकलेला नव्हता. "मी पण खेळणार. घरून स्टूल आणतो. कोडी थोडी सरकवू."

"मालकीण ओरडेल."

"ओरडू दे."

"बाळ्या, ताप नाही ना तुला?"

"येतेस का तेवढं सांग."

"येते. पण तुझ्या त्या पाच विद्वानांना माझ्या चिमण्यांची हवी तितकी नक्कल करू दे, तू करायची नाहीस. पुरे झालं."

"मग मी काय उतरवू?" कवळीवाल्यांनी घाबरून विचारलं.

"हे मला विचारतोस?" ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.