माहेरच्या बावीचं पाणी

मित्रांनो, आधी मला हात लावून बघा. खरखरीत लागते ना? हे जाड कॅनव्हास आहे आणि मी छागल आहे, म्हणजे प्रवासात पाणी गार ठेवणारी पिशवी. आता म्हातारी झाले. तुमच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मला कुणी विचारेनासं झालं. त्या बाटल्यांत पाणी दुपारपर्यंत चहासारखं तापतं, पण तोरा केवढा! असो. लोकांची उणीदुणी काढू नयेत हे मला कळतं, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

नागपूरच्या एका दुकानात मला शिवलं. एका कोपऱ्याला तोंड, तोंडाला लाकडी बूच, बुचाला साखळी. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मी इतकी गळले की दुकानदाराची गादी भिजली आणि मला बोलणी खावी लागली. पण कॅनव्हास पाणी पिऊन फुगलं की गळणं थांबतं. मग नुसता घाम येतो आणि त्या घामानेच आतलं पाणी गार होतं. चंद्रपूरला नोकरी करणाऱ्या आलोशियसने मला विकत घेतलं आणि आपल्या जुन्या ॲम्बेसेडरच्या पुढच्या बंपरला टांगलं. गावात गाडी शिरली की सगळ्यांत आधी मी शिरायची.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या मे महिन्यात आम्ही फार लांब फिरलो. आलोशियसचा मोडलेला पाय नीट झाला, म्हणून त्याने आणि त्याची बायको सालोमी हिने तामिळनाडूतल्या वेलांकनी मातेचा नवस फेडायचा ठरवला. वेलांकनी झालं, बंगलोर झालं, कोल्हापूर-पुणे झालं. परतीचे शेवटचे दिवस ठेवले होते वसईसाठी. तिथल्या भुईगावात सालोमीचं माहेर. तिकडे विहिरीला बाव म्हणतात. वाटेत जिथे जिथे मला भरलं तिथलं पाणी सालोमी पिऊन बघायची आणि म्हणायची, "ठीक आहे. पण आमच्या बावीच्या पाण्याची सर नाही."

"तुझ्या भावाला आता पाण्याचं दुकानच टाकायला सांगतो," आलोशियस म्हणायचा.

आता तुम्हाला कोड्यात ठेवत नाही. ती बाव गोड राहिली नव्हती. वडील वारले तेव्हा बावीची जबाबदारी सालोमीच्या धाकट्या भावावर, प्लासिडवर आली. सहा वर्षांपूर्वी ती माहेरी आली होती, तेव्हा त्याने रहाट काढून इलेक्ट्रिकची मोटार बसवली होती. "रात्रंदिवस चालवू नकोस रे, समुद्र जवळ आहे," असं तिने त्याला बजावलं होतं. पण केळी तहानलेली, पानवेली तहानलेल्या, आणि मोटारीला काय, बटण दाबलं की झालं. गोड पाणी उपसून संपलं आणि खालून खारं आत आलं. हे बहिणीला सांगायचं प्लासिडच्या जिवावर आलं होतं.

आम्ही पोचलो तर बावीवर फळ्या टाकलेल्या. "साप पडलाय आत," प्लासिड म्हणाला. "दोन दिवस तिकडे जाऊ नको, बाय." तिकडे मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. आणि घाईघाईने त्याच्या बायकोने, कॅथरिनने, माठातलं पाणी पुढे केलं. सालोमी डोळे मिटून प्यायली.

"बघा, सांगत नव्हते?" ती नवऱ्याला म्हणाली.

"हरलो बाई," आलोशियस म्हणाला.

अहो, ते पाणी वटारचं होतं! वटार हे जवळचं गाव, तिथलं गोड पाणी तिकडे सगळ्यांना ठाऊक. रोज पहाटे नवरा-बायको सायकलला आणि खांद्याला पत्र्याचे डबे बांधून वटारहून पाणी आणत होते. प्यायलाच नाही, पाहुण्यांच्या आंघोळीलासुद्धा, कारण खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बिंग फुटतं. मी अंगणात टांगलेली, मला सगळं ऐकू यायचं. घरात ते त्यांच्या बोलीत बोलत, मी तुम्हाला शाळेच्या मराठीत सांगते.

"सांगून टाका ना," कॅथरिन म्हणाली. तिच्या खांद्यावर डब्याच्या दोरीचे वळ उठले होते. "मारणार आहे का ती तुम्हाला?"

"मारलं तर बरंच होईल," प्लासिड म्हणाला. "ती रडेल. इतक्या वर्षांनी आली आहे. गोड पिऊन जाऊ दे."

मला आधी हसू आलं होतं. ते ऐकलं आणि फार वाईट वाटलं.

निघायच्या दिवशी सालोमी सगळ्यांच्या आधी उठली. वाटेसाठी आपल्या हाताने माहेरचं पाणी भरावं, असं तिच्या मनात आलं असणार. तिने मला काढलं आणि बावीवर नेलं. फळ्या सरकवून आत वाकून पाहिलं. साप नव्हता. बादली सोडली, मला अर्धं भरलं, माझ्याच तोंडाला तोंड लावून एक घोट घेतला आणि ती तशीच उभी राहिली. मचूळ, जिभेला ओढणारं पाणी. ती मला ओतून देईल असं मला वाटलं. पण तिने मला काठोकाठ भरलं, बूच घट्ट लावलं आणि गाडीला आणून टांगलं.

निरोपाच्या वेळी प्लासिडची नजर माझ्यावर गेली. माझ्यावर आलेला थेंब त्याने बोटावर घेतला, जिभेला लावला आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाय," तो खिडकीशी येऊन म्हणाला, "हे ओतून टाक. मी दुसरं आणून देतो."

"कुठून? वटारहून?" सालोमी म्हणाली. "कॅथरिनचा खांदा मी काल पाहिला. कशाने झालं ते आज कळलं."

प्लासिडने ओलं बोट सदऱ्याला पुसलं.

"मला राग आला आहे, प्लासिड. बावीचा आहे, आणि तू साप सांगितलास त्याचाही आहे. मोटार कमी चालव. पुढच्या मेमध्ये मी येते. तेव्हा मला बावीचंच पाणी द्यायचं, कसं का असेना."

कसाऱ्याच्या घाटात आलोशियसला तहान लागली, म्हणून त्याने गाडी थांबवली. सालोमीने उतरून पेला भरून दिला. तो प्यायला, थांबला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. चेष्टेची एवढी आयती संधी त्याने कधी सोडली नव्हती. आज त्याने नुसतं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि गाडी सुरू केली. त्या खाऱ्या पाण्याने माझ्या कॅनव्हासवर पांढऱ्या रेघा उठल्या. कितीही धुतलं तरी त्या गेल्या नाहीत, आणि मला त्यांची लाजही वाटत नाही.

मित्रांनो, जमिनीच्या पोटात पाणी फार सावकाश साठतं. मोटारीला ते समजत नाही, तुम्हाला समजायला हवं. घेताना थोडं मागे ठेवा. आणि पाहुणे आले म्हणून घरातलं दुखणं फळ्यांखाली झाकू नका.

पुढच्या मेमध्ये आम्ही खरंच गेलो. मोटार आता दिवसातून थोडाच वेळ चालत होती, केळीची निम्मी बाग प्लासिडने काढून टाकली होती. पाणी मात्र अजून मचूळच होतं, मागच्यापेक्षा जरासं कमी इतकंच. कॅथरिनने तेच पेल्यात आणलं. प्लासिड मान खाली घालून दारात उभा होता. सालोमीने पेला एका दमात संपवला आणि पुन्हा भरायला कॅथरिनपुढे धरला.